अरुंद दरवाजाला महापालिकेची परवानगी

चर्चच्या लोकांनी आणून दिलेलं जेवण फ्रीजरमध्ये शिल्लक असेपर्यंत चर्चला कुठल्याही कामासाठी नाही म्हणता येत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या आयोवात तो सगळ्यांना पाठ आहे. माझी बायको आर्डिथ मार्चमध्ये गेली. त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत रोज संध्याकाळी कुणी ना कुणी झाकलेलं भांडं घेऊन दारात उभं असायचं. बटाट्याची कॅसरोल, म्हणजे भांड्यातच ओव्हनमध्ये भाजलेला प्रकार, शेवयांची कॅसरोल, ट्यूना माशाची कॅसरोल. मी एकटा माणूस. खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं फ्रीजरमध्ये टाकत गेलो. सप्टेंबरात पास्टर ब्रेंट माझ्याकडे काम घेऊन आले तेव्हा फ्रीजरचं दार नीट लागतही नव्हतं. म्हणजे मी पुरता बांधलेला होतो.

माझी सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली. लोकांचे अपघात कागदावर उतरवून घ्यायचे, हे काम. त्यातून एक गोष्ट शिकलो. कुठलाही मोठा अपघात 'त्यात काय मोठंसं' या वाक्यानं सुरू होतो. पास्टर ब्रेंट माझ्या पोर्चवर बसून नेमकं हेच वाक्य बोलले आणि मला ते ऐकूनही सावध होता आलं नाही.

त्यांचं म्हणणं आधी सांगतो. आमच्या डी मॉइन शहरात हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन दारोदार फिरतात. तिला भिकाऱ्यांची रात्र म्हणतात. ज्या घराच्या पोर्चवर दिवा लागलेला असेल त्या घरी जायचं. पण नुसता हात पसरून काही मिळत नाही. आधी एक विनोद सांगावा लागतो, मग चॉकलेट. पास्टरांचं म्हणणं असं की हा सगळा भुताखेतांचा, चेटकिणींचा आणि सांगाड्यांचा प्रकार आहे, मरणाचं खेळणं केलेलं आहे, आणि उजेडाच्या लोकांनी त्यात भाग घेऊ नये. तेव्हा या वर्षी चर्चच्या सगळ्या कुटुंबांनी पोर्चवरचे दिवे बंद ठेवायचे आणि मुलांना चर्चच्या पार्किंगमध्ये आणायचं. तिथे पेंढ्याच्या गठ्ठ्यांचा एक भुलभुलैया उभा करायचा. आत जायला बायबलात सांगितलेला अरुंद दरवाजा. आत ठिकठिकाणी चांगली वाट आणि वाईट वाट. चांगल्या वाटेनं जो जाईल तो शेवटी उजेडात पोचेल आणि तिथे त्याला सफरचंद मिळेल. बांधायचं काम चर्चच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाचं, म्हणजे माझं.

पास्टर तरुण आहेत, मनाचे चांगले आहेत. आर्डिथच्या शेवटच्या आठवड्यात ते रोज हॉस्पिटलमध्ये येऊन बसायचे आणि फार बोलायचे नाहीत. हे मी विसरणार नाही. शिवाय मरणाचं खेळणं करू नये हे मलाही पटतं. फक्त मी मरण पाहिलं ते लख्ख उजेडाच्या खोलीत, भर दुपारी, भिंतीवरच्या टीव्हीत स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू असताना. त्याला मुखवटा नव्हता की शिंगं नव्हती. त्यानंतर पांढऱ्या चादरीत घुसलेल्या, डोळ्यांची भोकं नाकावर आलेल्या पोराकडे बघून मला कसला अंधार दिसणार?

हे काही मी बोललो नाही. मी म्हणालो, "वेगळं आहे."

आमच्याकडे एखाद्याच्या कल्पनेला 'वेगळं आहे' म्हटलं की तो माणूस समजतो, कागद गुंडाळतो आणि घरी जातो. यापेक्षा कडक शब्द आम्ही शेजाऱ्याच्या गाडीनं आपलं कुंपण तोडलं तरी वापरत नाही. पण पास्टर दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्याचे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले की चर्चच्या कारभारी मंडळातल्या सगळ्यांनी अगदी हेच सांगितलं.

खरी अडचण मी कुणालाच सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी आमच्या पोर्चवर आर्डिथ बसायची. अंगात हिवाळी कोट, मांडीवर चॉकलेटचं भांडं. मुलं विनोद सांगायची आणि ती हसायची. तोच विनोद आदल्या पोरानं सांगितलेला असला तरी पुढच्यालाही तेवढंच हसायची. आसपासच्या गल्ल्यांतली मुलं चॉकलेटसाठी कमी आणि तिच्या हसण्यासाठी जास्त यायची, असं माझं मत आहे. मी आत उभा राहून चॉकलेट पुरतील का बघायचो. आमच्या जुन्या पास्टरांना हे माहीत होतं. ते एक चॉकलेट घेऊन जायचे. या वर्षी त्या खुर्चीवर कुणीतरी बसायला हवं होतं. पोरं येणार, दिवा बंद बघणार आणि 'त्या आजी गेल्या' असं एकमेकांना सांगून पुढच्या घरी जाणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी हसू शकेन असं वाटत नव्हतं. पण बसता तर येतं.

आणि चर्च माझ्या घराच्या बरोबर समोर आहे. पार्किंगची पश्चिमेची कड आणि माझं पोर्च यांच्यामध्ये फक्त रस्ता. चोरून दिवा लावायची सोय नाही.

तर मी भुलभुलैयाला हो म्हणालो. पोर्चचं नंतर बघू म्हटलं.

पेंढा आणायचं काम मंडळातल्या ज्येष्ठ गॅरोल्डनं अंगावर घेतलं. गॅरोल्ड माझ्या वयाचा, देहानं भरभक्कम आणि मतांनी त्याहून. त्याच्या मेव्हण्याची शेती आहे. मेव्हण्यानं सांगितलं, गठ्ठे देतो, त्यात काय मोठंसं. ठरलेल्या दिवशी चर्चमध्ये नेमकं लग्न होतं आणि पार्किंग भरलेलं होतं, म्हणून मेव्हण्यानं गठ्ठे समोरच, म्हणजे माझ्या घरी उतरवले. मी बाहेर आलो तर दारात रोड रोलरच्या चाकाएवढे गोल गठ्ठे. चौकोनी, विटांसारखे रचता येणारे छोटे गठ्ठे हवे होते. हे गाईंना हिवाळाभर पुरायचे गठ्ठे. एक गॅरेजला टेकलेला, त्यामागे माझी गाडी. गॅरोल्डला फोन केला. तो म्हणाला, पेंढा तो पेंढा, गोल काय आणि चौकोनी काय. मी म्हटलं, अरे, या गोल गठ्ठ्यांचा भुलभुलैया करायचा तर मुलं उंटाएवढी लागतील. मेव्हण्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या शेतात अडकला होता, तो आठवड्यानं येणार होता. तोपर्यंत मी बसनं फिरलो.

शेजारच्या ल्युएला ब्रॅडी रोज कुंपणाशी येऊन गठ्ठ्यांची पाहणी करायच्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, पक्क्या कॅथलिक. नवरा जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली, त्यामुळे विधुरांना सल्ला देण्याचा परवाना आपल्याकडे आहे असं त्या समजतात. ओल्या पेंढ्यातून उंदीर येतात, हे त्यांनी सांगितलं. उंदीर आले. मग उंदरांसाठी मांजर बघ म्हणाल्या. मांजर बघायची गरज पडली नाही, तीही आपोआप आली आणि गठ्ठ्यावर बसून उंदरांकडे नुसतीच बघत राहिली. रस्त्यानं जाणारे लोक गाडी हळू करून विचारायचे, गाई कधी येणार? मी विम्याच्या कचेरीतून सन्मानानं निवृत्त झालेला माणूस. या गल्लीत माझ्या गवताच्या उंचीवरूनही कधी कुणी बोललेलं नाही.

ल्युएलांना भुलभुलैयाचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पोर्चवरच्या दिव्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "आमच्यात मेलेल्या माणसांसाठी या दिवसांत मेणबत्ती लावतात. तुमच्यात काय, असलेला बल्बसुद्धा बंद?"

मी सांगितलं की हा मंडळाचा निर्णय आहे.

"मंडळाची बायको गेलीय का?" त्यांनी विचारलं आणि घरात निघून गेल्या.

गोल गठ्ठे गेले, चौकोनी आले. मग कुणीतरी म्हणालं, एवढा पेंढा उघड्यावर रचायचा तर महापालिकेची परवानगी लागेल. आमच्या चर्चमध्ये असं म्हणणारा एक माणूस नेहमी असतो आणि परवानगी आणायला जाणारा एक माणूस नेहमी असतो. ते दोघे कधीच एक नसतात. मी गेलो. एका खिडकीवर सांगितलं की हे तात्पुरतं बांधकाम आहे. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की बांधकाम नाही, मेळावा आहे. तिसऱ्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं की त्यात जनावरं असणार का. मेंढ्या असतील, पण त्या मुलांनी घेतलेल्या सोंगांच्या, असं मी म्हणालो. त्यानं ते लिहून घेतलं. शेवटी अग्निशमन खात्याच्या बाई पाहणीला येतील असं ठरलं.

त्या ट्रॅन बाई. वयानं माझ्या मुलीसारख्या, बोलायला अतिशय शांत. एव्हाना मी भिंती रचून, वळणं काढून, पुढे लाकडी चौकटीचा दरवाजा उभा केला होता. गॅरोल्डच्या आग्रहानं तो इतका अरुंद होता की मोठ्या माणसाला तिरकं व्हावं लागे. ट्रॅन बाईंनी टेप काढली, मापली आणि विचारलं, "हा एवढा अरुंद का?"

गॅरोल्ड म्हणाला, "प्रभूनं तसं सांगितलंय."

"प्रभूनं सांगितलं असेल," बाई टेप गुंडाळत म्हणाल्या. "शहरानं नाही."

चाकाची खुर्ची सहज जाईल एवढा दरवाजा हवा, असं त्यांनी सांगितलं. भिंती मुलांच्या डोक्यावर जाता कामा नयेत. आणि जिथून आत जायचं त्याच्या बरोबर उलट बाजूला बाहेर पडायची दुसरी वाट हवी. ती चांगली रुंद हवी आणि तिच्यावर दुरून दिसेल अशी उजेडाची पाटी हवी. आत गडबड झाली की मुलांना विचार न करता त्याच वाटेनं बाहेर येता आलं पाहिजे.

गॅरोल्डचा चेहरा बघण्यासारखा झाला. जीवनाकडे नेणारा दरवाजा अरुंद असतो, नाशाकडे जाणारी वाट रुंद असते आणि तिच्यावरून पुष्कळ जण जातात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आता तीच वाट महापालिकेला दिवे लावून हवी होती.

यावर मंडळाची खास बैठक झाली. नाशाच्या वाटेवर 'बाहेर' असं लिहावं की 'नाश' असं लिहावं, या मुद्द्यावर कॉफीची दोन भांडी संपली. मी सांगितलं की 'नाश' लिहिलं तर आग लागल्यावर पोरं तिकडे जाणार नाहीत. एकानं सुचवलं की मग सफरचंदं त्या बाजूला ठेवू आणि तीच चांगली वाट म्हणू. गॅरोल्ड म्हणाला की शास्त्र महापालिकेच्या सोयीनं फिरवायचं असेल तर तो राजीनामा देतो. तो दर शरद ऋतूत राजीनामा देतो, त्यामुळे आम्ही पुढचा विषय घेतला. पास्टरांनी शेवटी तोडगा काढला. रुंद वाट असू दे, पाटीही असू दे, पण त्या वाटेच्या टोकाला काहीही नसेल. नुसता अंधार. मुलांना आपोआप धडा मिळेल.

रुंद वाट पश्चिमेला निघत होती. तिच्या टोकाला काय होतं ते बैठकीत माझ्या एकट्याच्याच लक्षात आलं होतं. माझं पोर्च.

रविवारी चर्चच्या शाळेतल्या मुलांना आत सोडून पाहिलं. वळणावळणावर गॅरोल्डनं स्वतःच्या हातानं रंगवलेल्या पाट्या होत्या. एकीकडे 'आज्ञापालन', दुसरीकडे 'खादाडपणा'. एकीकडे 'प्रार्थना', दुसरीकडे 'उनाडक्या'. पोरांनी एकही चांगलं वळण घेतलं नाही. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आत काय असेल याची उत्सुकता कुणाला नसते? खादाडपणाच्या वाटेला काहीच नाही म्हटल्यावर काही जण रडले. बाकीचे रुंद वाटेनं धावत सुटले आणि रस्त्याच्या कडेला थांबले.

दरम्यान मी चॉकलेट आणायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो. जवळच्या दुकानात चर्चचं कुणीतरी भेटणारच. दूरच्या दुकानात गॅरोल्ड भेटला. मी ढकलगाडी पुढे सारून चॉकलेटच्या पिशव्यांवर माझा कोट टाकला. त्यानं कोटाकडे पाहिलं. मग हवेबद्दल बोललो. मग दोघंही बल्बच्या कपाटाकडे गेलो आणि फार वेळ बल्ब निवडत राहिलो. निघताना त्यानं विचारलं, "झोप लागते का रे?" मी म्हटलं, लागते. ते खोटं होतं आणि त्यालाही कळलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. अशा माणसाविरुद्ध पोर्चवर दिवा लावायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. मी चॉकलेट घरी आणली, कपाटात ठेवली आणि कपाटाला दार लावलं. ठरवलं, नकोच. एक संध्याकाळ तर आहे. जाईल.

ती संध्याकाळ उजाडली, म्हणजे मावळली. सकाळी ट्रॅन बाईंनी येऊन शेवटची पाहणी केली, कागदावर सही केली आणि गेल्या. त्यांची गाडी कोपऱ्यावर वळली, तसं गॅरोल्डनं दरवाजाच्या दोन्ही अंगांना पेंढ्याचे गठ्ठे उभे करून त्यांना सुतळीनं चौकटीला करकचून बांधलं आणि दरवाजा पुन्हा प्रभूच्या मापाचा केला. मी म्हटलं, अरे, सही झाली आहे. तो म्हणाला, सही सकाळच्या दरवाजाला झाली आहे. मी दमलो होतो. रुंद वाट उघडी होती, तेवढं माझ्या मनाला पुरलं.

सोंगं फक्त शास्त्रातली चालतील, असा नियम केला होता. आमच्या चर्चमध्ये अशी सोंगं एकाच पेटीत आहेत, नाताळच्या नाटकाची. त्यामुळे ऑक्टोबरच्या थंडीत पार्किंगमध्ये मेंढपाळांची, मेंढ्यांची आणि पूर्वेकडून आलेल्या राजांची गर्दी झाली. राजे नाताळच्या गोष्टीतल्या तिघांपेक्षा बरेच जास्त होते. गॅरोल्डच्या मापाचं पेटीत एकच काही निघालं, ते म्हणजे उंट. फोमचं मोठं कुबड, पट्ट्यांनी पाठीला बांधायचं, आणि डोक्यावर लांब पापण्यांचं तोंड. तो अरुंद दरवाजाशी गंभीरपणे उभा राहिला आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आशीर्वाद देऊ लागला. मी त्याच्या शेजारी टॉर्च घेऊन.

मुलं आत जात होती, रविवारच्या सरावाप्रमाणे बिनचूक वाईट वळणं घेत होती आणि पलीकडे महापालिकेच्या पाटीखालून बाहेर पडत होती. पलीकडे अंधार होता, पण धडा मिळावा असा नव्हता. गल्लीत बाकीच्या घरांचे दिवे लागलेले होते. चेटकिणी, वाघ, अंतराळवीर या दारातून त्या दारात धावत होते आणि हसण्याचे आवाज येत होते. आमच्या मेंढ्या कडेला उभ्या राहून ते बघत होत्या. एकाच्याही हातात सफरचंदसुद्धा नाही.

मी टॉर्च धरून गठ्ठ्यांवरून पाहत होतो. गल्लीत एकच पोर्च पूर्ण काळं होतं. आमचं.

मग एक लहानसा मेंढपाळ रस्ता ओलांडून तिकडे गेला. नक्की मुलगा की मुलगी, कळत नव्हतं; झगा पायात येत होता. पायऱ्या चढला. दार वाजवलं. थांबला. पुन्हा वाजवलं. मग त्यानं काठी खाली ठेवली, दोन्ही हात मागे बांधले आणि बंद दाराला विनोद सांगितला. पूर्ण सांगितला. सांगून झाल्यावर आतून हसणं ऐकू येईल म्हणून थांबला.

मी टॉर्च गॅरोल्डच्या हातात दिली.

"काय झालं? बरं वाटत नाही का?" उंटाच्या तोंडातून त्यानं विचारलं.

"घरी कुणीतरी आलंय," मी म्हणालो.

आणि निघालो. भुलभुलैयाला वळसा घालून न जाता मधून गेलो, रुंद वाटेनं, पाटीखालून, सगळ्या मंडळाच्या देखत. घरात जाऊन चॉकलेट भांड्यात ओतली. दिवा लावला. खुर्चीवर बसलो. मेंढपाळ अजून तिथेच होता. मुलगी निघाली. तिनं विनोद पुन्हा सांगितला. सांगाडा नाचायला का जात नाही, हा प्रश्न होता आणि उत्तर होतं, त्याच्यासोबत जायला कुणी नाही, 'नो बॉडी'. मी हसलो नाही. मान डोलावली, दावा मंजूर करताना डोलवायचो तशी.

"त्या आजी हसायच्या," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

तिनं थोडा विचार केला. "आज नाहीत का?"

"नाहीत."

तिनं भांड्यातून एक चॉकलेट घेतलं, मग माझ्याकडे पाहून दुसरं घेतलं आणि ते माझ्या हातात दिलं. मग रस्त्यापलीकडे तोंड करून बाकीच्या मेंढ्यांना हाक मारली.

त्या सगळ्या आल्या. राजे आले. गल्लीतल्या चेटकिणी आणि वाघही आले. पायऱ्यांपासून फुटपाथपर्यंत रांग लागली. सांगाडा नाचायला का जात नाही, हे मला त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा कळत गेलं. मी मान डोलवत होतो, चॉकलेट देत होतो. रस्त्यापलीकडे आमची चर्चची मंडळी उभी होती आणि पार्किंगमध्ये मुलं उरली नव्हती. माझ्या पोर्चचा दिवा सगळ्यांना दिसत होता. आता काय बोलायचं, हे मी मनात जुळवत होतो. हॉस्पिटलची खोली, भिंतीवरचा टीव्ही, मुखवटा नसलेलं मरण, सगळं सांगायचं ठरवलं. फ्रीजरमधलं जेवण परत नेऊन देईन, असंही सांगायचं ठरवलं.

मग पास्टर ब्रेंट रस्ता ओलांडून येताना दिसले. भराभर येत होते. अंगात पूर्वेकडच्या राजाचा झगा, मुकुट हातात. पायऱ्यांशी आले आणि बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात रांगेतली एक चेटकीण म्हणाली, "रांग आहे."

पास्टर जॉर्जियाचे असले तरी रीतीचे आहेत. ते मागे जाऊन उभे राहिले. एका वाघाचा विनोद झाला, दोन मेंढ्यांचा झाला, चेटकिणीचा झाला. मग ते समोर आले, धापा टाकत.

"वेंडल," ते म्हणाले, "गॅरोल्ड अडकलाय."

मुलं निघून गेली नव्हती. ती गप्प होऊन ऐकू लागली. या दारात माणूस काय सांगतो हे त्यांना माहीत होतं.

"कुठे?" चेटकिणीनं विचारलं.

"दरवाजात," पास्टर म्हणाले. "एक मुलगी आत रडत होती, तिला आणायला तो घुसला. आता कुबड अडकलंय. पुढे ढकललं तर जात नाही. आम्ही मागे ओढायला गेलो तर म्हणतो, या दरवाजातून मागे फिरणं शास्त्रात बसत नाही."

सुईच्या नेढ्यातून न जाणारा बायबलातला उंट आमच्या मेंढ्यांनी चर्चच्या शाळेत ऐकलेला होता. मग ती छोटी मेंढपाळीण हसली आणि मग सगळी रांग हसली. राजे तर पायऱ्यांवर बसले. पास्टर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं आपण काही भलतं बोललो. ते मला म्हणाले की हे खरंच झालंय, तो उंट अजून तिथेच आहे.

तेव्हा माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं रडू आहे. मार्चपासून तेच येत होतं, त्यामुळे मला दुसरं काही ओळखता येत नव्हतं. पण ते हसणं होतं. मोठ्यानं आलं, वेडंवाकडं आलं आणि थांबेना. भांडं मांडीवरून घसरायला लागलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पोरं माझ्याकडे बघून आणखी हसू लागली. एवढं हसायचं माझं वय नाही आणि स्वभाव तर कधीच नव्हता. मधेच रडूही आलं, पण ते हसण्यातच मिसळून गेलं आणि कुणाला कळलं नाही. पास्टरांना कळलं. त्यांनी मुकुट खाली ठेवला आणि काही न बोलता तिथेच थांबले, हॉस्पिटलमध्ये थांबायचे तसे.

"आत जी रडत होती तिचं काय?" मी बोलता यायला लागल्यावर विचारलं.

"ती केव्हाच रुंद वाटेनं बाहेर आली," ते म्हणाले. "ती बघा, रांगेत आहे."

चेटकिणीनं सांगितलं की यांचा विनोद झाला, यांना चॉकलेट द्या. मी दिलं. मग उठलो. सुतळी मीच आणली होती, ती कशानं तुटते ते मलाच माहीत होतं. स्वयंपाकघरातून पाव कापायची सुरी घेतली, बाहेर आलो आणि भांडं पास्टरांच्या हातात दिलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग वर दिव्याकडे. मग रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या मंडळाकडे.

"कुणीतरी बसायला लागतं," मी म्हणालो.

ते बसले. झगा गुडघ्यांभोवती नीट घेतला.

मी सुरी घेऊन रस्ता ओलांडला. मंडळातल्या लोकांनी मला वाट दिली. पलीकडून गॅरोल्डचा आवाज येत होता, तो माझ्या नावानं ओरडत होता. मागून पोर्चवरून पास्टरांचा आवाजही आला, जॉर्जियाच्या हेलात, जरा गोंधळलेला.

"थांब, मला नाही कळलं. सांगाडा जात का नाही? परत सांग बरं."

आणि ती पोरगी परत सांगायला लागली, अगदी पहिल्यापासून.